साडेसहा मिनिटांतून जन्मलेले यंत्र

फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीमुळे एक रुग्ण डोळ्यांदेखत मृत्यूकडे सरकत असल्याचे बोस्टनमधील एका तरुण डॉक्टरने रात्रभर पाहिले. त्या रात्रीतून हृदय आणि फुप्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या यंत्राची कल्पना जन्माला आली. त्याच आजाराच्या जुनाट रूपावर आज होणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण पुन्हा जिना चढू लागतात. या वाटेवर पहिले पाऊल टाकणाऱ्या डॉ. जॉन गिबन यांच्या आयुष्याची ही कहाणी.

काळ १९३०-३१ चा. स्थळ बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल. पित्ताशयाची शस्त्रक्रिया होऊन सुमारे दोन आठवडे झालेली एक महिला बरी होऊन घरी जाण्याच्या वाटेवर होती. अचानक तिच्या छातीत कळ आली, श्वास कोंडला आणि रक्तदाब घसरू लागला. शल्यचिकित्सक डॉ. एडवर्ड चर्चिल यांनी निदान केले ते असे : दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी तयार झाली होती, ती सुटून रक्तप्रवाहाबरोबर हृदयात आणि तेथून फुप्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीत जाऊन अडकली होती.

छाती उघडून, धमनी चिरून ती गुठळी काढणे हा एकच उपाय होता. परंतु तो आजारापेक्षाही भयंकर होता. जर्मनीतील लाइपझिग येथे फ्रेडरिक ट्रेंडेलेनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही शस्त्रक्रिया सुचविली आणि करूनही पाहिली. मात्र त्यांचा एकही रुग्ण बचावला नाही. १९२४ मध्ये मार्टिन किर्शनर यांना प्रथमच यश मिळाले. अमेरिकेत तर तोपर्यंत अशा शस्त्रक्रियेनंतर एकही रुग्ण जगला नव्हता. त्यामुळे रुग्ण जाणार हे निश्चित झाल्याशिवाय शस्त्र हाती घ्यायचे नाही, असाच प्रघात होता. चर्चिल यांनी त्या महिलेला शस्त्रक्रियागृहात हलविले, सर्व सिद्धता करून ठेवली आणि तिच्या उशाशी आपल्या एका संशोधक सहायकाला बसविले. दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब नोंदवायचा आणि अखेरची घटका आली की कळवायचे, एवढेच त्याचे काम होते. हा सहायक म्हणजे जॉन गिबन.

रात्रभर गिबन नोंदी करीत राहिले. महिलेच्या शिरा फुगत होत्या, रक्त काळपट होत चालले होते, जीव श्वासासाठी तडफडत होता. हृदय धडधडत होते आणि फुप्फुसेही निकामी झालेली नव्हती. एका गुठळीने या दोहोंमधला रस्ता तेवढा अडविला होता. शिरेतले हे काळे रक्त बाहेर काढता आले, त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून त्यात प्राणवायू मिसळता आला आणि ते तांबडे रक्त पुन्हा धमनीत सोडता आले, तर अडथळ्याला वळसा घालून ही महिला जगेल आणि शल्यचिकित्सकाला सावकाशीने गुठळी काढता येईल, असा विचार त्या रात्री त्यांच्या मनात पुनःपुन्हा येत राहिला.

सकाळी आठच्या सुमारास महिलेचा श्वास थांबला. चर्चिल यांनी तत्काळ छाती उघडली, फुप्फुस-धमनीला छेद दिला, गुठळ्या बाहेर काढल्या आणि धमनी बंद केली. या सर्वाला साडेसहा मिनिटे लागली. हाताचा वेग कौतुकास्पद होता, तरीही महिला वाचली नाही. रक्ताभिसरण बंद पडल्यावर मेंदूला मिळणारी मुदत त्याहून थोडी असते. रुग्णालयाच्या दृष्टीने हा एक अपेक्षित मृत्यू होता. सत्तावीस वर्षांच्या गिबन यांच्या दृष्टीने मात्र तो पुढील तेवीस वर्षांच्या कामाचा आरंभ ठरला.

लेखक होण्याची इच्छा

जॉन हेशॅम गिबन यांचा जन्म २९ सप्टेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे झाला. घराण्यात वैद्यकीचा वारसा अनेक पिढ्यांचा होता. वडील शहरातील नामांकित शल्यचिकित्सक. प्रिन्स्टन विद्यापीठातून १९२३ मध्ये पदवी घेऊन जॉन यांनी फिलाडेल्फियाच्याच जेफरसन मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला, तोही वाट आखून ठेवलेली होती म्हणून. त्यांचा ओढा साहित्याकडे आणि चित्रकलेकडे होता. वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडून लेखनाला वाहून घेण्याचा विचारही त्यांनी घरी बोलून दाखविला. वडिलांनी विरोधाचा सूर लावला नाही. डॉक्टरकीची पदवी हाती असली म्हणून लेखन काही वाईट होणार नाही, एवढेच त्यांनी समजावले. मुलाने ते मानले आणि १९२७ मध्ये तो डॉक्टर झाला.

प्रशिक्षणाची दोन वर्षे फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये काढून गिबन १९३० मध्ये चर्चिल यांच्या हाताखाली संशोधनासाठी बोस्टनला आले. तेथे त्यांची दोन गोष्टींशी गाठ पडली आणि त्या दोन्ही त्यांना आयुष्यभर पुरल्या. एक म्हणजे ती रात्र. दुसरी म्हणजे मेरी हॉपकिन्सन. चर्चिल यांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ असलेल्या मेरी यांना सर्वजण माली म्हणत. नामवंत व्यक्तिचित्रकार चार्ल्स हॉपकिन्सन यांच्या त्या कन्या. १९३१ मध्ये दोघांचा विवाह झाला. पुढे जे यंत्र उभे राहिले त्याच्या पहिल्या टप्प्यातील निम्मे श्रम मालींचे आहेत, ही गोष्ट गिबन यांनी कधी लपविली नाही. शोधाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी मात्र अनेकदा ती तळटीपेत ढकलली.

मांजरे, जुना पंप आणि माली

विवाहानंतर गिबन फिलाडेल्फियाला परतले. हृदय आणि फुप्फुस या दोहोंचे काम शरीराबाहेर करणाऱ्या यंत्राची कल्पना त्यांनी अनेक ज्येष्ठांपुढे मांडली. बहुतेकांनी ती कानाआड केली. रक्त हा काही पाण्यासारखा पदार्थ नव्हे; शरीराबाहेर येताच ते गोठते, नळ्यांतून दाबाने ढकलले तर त्यातील पेशी फुटतात आणि फेस झालाच तर हवेचा बुडबुडा मेंदूत जाऊन अनर्थ घडवितो. सुखाने व्यवसाय करावा, नावलौकिक मिळवावा, या खुळाच्या मागे लागू नये, असाच सल्ला त्यांना मिळत गेला.

पहिल्या अडचणीवर तोडगा मात्र उपलब्ध होत होता. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९१६ मध्ये जे मॅक्लिन या विद्यार्थ्याला रक्त गोठू न देणारा पदार्थ सापडला होता. त्याला पुढे हेपारिन हे नाव मिळाले आणि तिशीच्या दशकात तो पुरेसा शुद्ध स्वरूपात मिळू लागला. गिबन यांच्या यंत्राचा पाया या औषधावर उभा आहे.

१९३४ मध्ये चर्चिल यांनी फारशा उत्साहाने नव्हे, पण एका वर्षाची शिष्यवृत्ती दिली आणि गिबन दांपत्य पुन्हा बोस्टनला आले. साधनसामग्री अगदीच बेताची होती. हवेचा पंप जुन्या बाजारातून थोडक्या डॉलरांत आणलेला. झडपा रबरी बुचे कापून घरीच केलेल्या. प्राणवायू मिसळण्यासाठी उभा फिरणारा एक नळकांड्यासारखा भाग होता. तो गरगर फिरे, रक्त त्याच्या आतल्या भिंतीवर पातळ पापुद्र्यासारखे पसरे आणि त्या पापुद्र्यावरून प्राणवायू सोडला जाई. फुप्फुसातील कोट्यवधी सूक्ष्म पिशव्या जे काम सहज करतात, त्याची ही ओबडधोबड नक्कल होती.

प्रयोग मांजरांवर चालत. मांजरे कमी पडली की गिबन रात्री माशाचे आमिष आणि गोणपाटाची पिशवी घेऊन बोस्टनच्या गल्ल्यांतून भटकी मांजरे पकडून आणीत. पहाटे उपकरणे धुऊन जोडायची, मांजराला भूल द्यायची, नळ्या बसवायच्या, दिवसभर आकडे टिपायचे आणि संध्याकाळी पुन्हा सारे धुऊन ठेवायचे, असा पती-पत्नीचा दिनक्रम होता.

गिबन यांनी प्रयोग निवडला तोही लक्षात घेण्यासारखा आहे. मांजराची फुप्फुस-धमनी चिमट्याने हळूहळू आवळत पूर्ण बंद करायची आणि त्याच वेळी यंत्र सुरू ठेवायचे, असे त्याचे स्वरूप होते. मोठी गुठळी माणसाच्या फुप्फुसाचा रस्ता अडविते तेव्हा नेमके हेच घडते. बोस्टनच्या त्या महिलेची अवस्था ते प्रयोगशाळेत पुन्हा उभी करीत होते. १९३५ मध्ये एके दिवशी चिमटा पूर्ण आवळला गेला आणि तरीही मांजराचा रक्तदाब खाली आला नाही. यंत्राने रक्ताभिसरण पेलले होते. त्या क्षणी दोघांनी एकमेकांना मिठी मारून प्रयोगशाळेत नाच केला, अशी आठवण गिबन यांनी पुढे नोंदवून ठेवली आहे.

हे संशोधन १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढची काही वर्षे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम चालू राहिले आणि यंत्रावर ठेवलेली काही मांजरे प्रयोगानंतरही जिवंत राहू लागली. परंतु मांजर आणि माणूस यांच्यात आकाराचा फार मोठा फरक. मोठ्या माणसाला मिनिटाला काही लिटर रक्त लागते. तेवढ्या रक्तात प्राणवायू मिसळायचा तर फिरते नळकांडे अवाढव्य करावे लागले असते. त्यातच दुसरे महायुद्ध पेटले. गिबन सैन्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले आणि संशोधन थांबले.

अभियंत्यांची साथ

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये गिबन जेफरसन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. एका विद्यार्थ्याच्या ओळखीतून आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांच्याशी त्यांची भेट झाली. पंचकार्डे आणि हिशेबाची यंत्रे बनविणाऱ्या कंपनीचा रक्ताशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडला असता. वॉटसन यांनी मात्र कल्पना ऐकून आपले अभियंते आणि खर्च दोन्ही देऊ केले. बुचे कापून केलेल्या झडपांची जागा आता काटेकोर घडणीच्या धातूने घेतली. रक्ताचा प्रवाह, तापमान आणि पातळी यांवर आपोआप लक्ष ठेवणारी व्यवस्था यंत्रात आली.

प्राणवायूचा प्रश्न सुटला तो गिबन यांच्या हाताखालच्या तरुण डॉक्टरांमुळे. रक्ताचा पापुद्रा गुळगुळीत पृष्ठभागावरून घसरतो तेव्हा केवळ वरच्या थराला प्राणवायू मिळतो; मध्ये तारेची जाळी ठेवली तर रक्त घुसळले जाऊन प्रत्येक थर वर येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. मग फिरते नळकांडे गेले आणि प्राणवायूने भरलेल्या पेटीत उभ्या टांगलेल्या तारेच्या जाळ्या आल्या. कुत्र्यांवरील प्रयोगांत मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

६ मे १९५३

माणसावरचा पहिला प्रयत्न फेब्रुवारी १९५२ मध्ये झाला. पंधरा महिन्यांच्या एका मुलीच्या हृदयातील पडद्याला छिद्र असल्याचे निदान झाले होते. हृदय उघडल्यावर छिद्र सापडलेच नाही. मुलगी दगावली. हृदयाबाहेरच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारा, जन्मानंतर मिटायला हवा असलेला मार्ग उघडा राहिल्याने ती आजारी होती, हे शवविच्छेदनात कळले. यंत्राचा दोष नव्हता, निदानाचा होता. पण त्यामुळे दुःख कमी होत नाही.

त्यानंतर सव्वा वर्षाने, ६ मे १९५३ रोजी, अठरा वर्षांची एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी फिलाडेल्फियाच्या शस्त्रक्रियागृहात टेबलावर होती. तिच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला खरोखरच मोठे छिद्र होते आणि तिची प्रकृती ढासळत चालली होती. यंत्र सुरू झाले. सव्वीस मिनिटे त्या मुलीच्या हृदयाचे आणि फुप्फुसांचे संपूर्ण काम यंत्राने केले. मध्येच जाळ्यांवर रक्त गोठू लागले. सहायकांनी यंत्र सावरून धरले आणि गिबन टाके घालीत राहिले. छिद्र बंद झाले, यंत्र थांबले, मुलीच्या हृदयाने पुन्हा काम हाती घेतले. ती बरी होऊन घरी गेली आणि पुढे अनेक दशके जगली.

हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने उघड्या हृदयावर झालेली जगातील ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. एवढ्या मोठ्या घटनेची दवंडी गिबन यांनी पिटली नाही. शास्त्रीय वृत्तान्त त्यांनी १९५४ मध्ये मिनेसोटातील एका राज्यस्तरीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला.

थांबण्याचा निर्णय

१९५३ च्याच जुलैमध्ये गिबन यांनी पाच-पाच वर्षांच्या दोन मुलींवर याच यंत्राच्या साहाय्याने शस्त्रक्रिया केल्या. दोघीही वाचल्या नाहीत. चार रुग्णांपैकी एक जगला, तीन गेले आणि त्या तिन्ही लहान मुली होत्या. गिबन यांनी या शस्त्रक्रिया वर्षभर स्थगित केल्या आणि त्यानंतर स्वतः कधीही अशी शस्त्रक्रिया केली नाही.

या निर्णयाविषयी आजही दोन मते संभवतात. तेवीस वर्षे ज्यासाठी खर्ची घातली ते ऐन यशाच्या उंबरठ्यावर सोडून देणे ही माघार होती, असे एक मत. आपल्या यंत्रापेक्षा टेबलावरचे मूल मोठे मानण्याचे धैर्य त्यात होते, हे दुसरे. प्रस्तुत लेखकाला दुसरे मत अधिक पटते, कारण गिबन यांनी यंत्र सोडले तरी ते कुलूपबंद करून ठेवले नाही. आपले आराखडे त्यांनी रोचेस्टर येथील मेयो क्लिनिकच्या डॉ. जॉन कर्कलिन यांच्या हाती दिले. कर्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात सुधारणा करून मार्च १९५५ पासून शस्त्रक्रिया सुरू केल्या. पहिल्या आठ रुग्णांपैकी चार वाचले. मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांचा गटही वेगळ्या पद्धतीने याच दिशेने चालला होता. पाहता पाहता उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया जगभर होऊ लागल्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. हृदय बदलले जात असताना रक्ताभिसरण यंत्राने पेलायचे, हे तत्त्व गिबन यांच्या प्रयोगशाळेतून आलेले.

गिबन १९५६ मध्ये जेफरसनच्या शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख झाले. छातीच्या शस्त्रक्रियांवर त्यांनी संपादित केलेला ग्रंथ १९६२ मध्ये आला आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी तो वापरला. १९६८ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. त्याआधीच १९६७ मध्ये ते निवृत्त होऊन फिलाडेल्फियाजवळच्या आपल्या शेतावर राहू लागले होते. तरुणपणी बाजूला ठेवलेले कुंचले त्यांनी आता हाती घेतले. ५ फेब्रुवारी १९७३ रोजी टेनिस खेळत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते एकोणसत्तर वर्षांचे होते.

पुन्हा त्या गुठळीकडे

गिबन यांचे यंत्र जन्मजात दोष, झडपा आणि पुढे हृदयाच्या धमन्यांची बायपास यांसाठी प्रसिद्ध झाले. ज्या आजारासाठी त्याची कल्पना सुचली तो मात्र काही काळ मागेच राहिला. १९६१ मध्ये अमेरिकेत फुप्फुसातील ताजी गुठळी या यंत्राच्या आधारे यशस्वीपणे काढण्यात आली. बोस्टनच्या त्या रात्रीनंतर तीस वर्षांनी गिबन यांची मूळ कल्पना जशीच्या तशी प्रत्यक्षात आली आणि ती पाहायला ते हयात होते.

परंतु या आजाराचे एक दुसरे, संथ रूप आहे. फुप्फुसात गुठळी जाऊनही जे रुग्ण वाचतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या गुठळ्या औषधांनी आणि शरीराच्या स्वतःच्या प्रक्रियेने काही आठवड्यांत वा महिन्यांत विरघळतात. शंभरातील काही मोजक्यांच्या मात्र विरघळत नाहीत. त्या कडक, तंतुमय होऊन धमनीच्या भिंतीलाच चिकटतात, जुन्या नळात क्षार साचावेत तशा. रक्ताचा मार्ग अरुंद होतो, फुप्फुसाच्या धमन्यांतील दाब वाढतो आणि हृदयाचा उजवा कप्पा त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून फुगतो व थकतो. रुग्णाला हे कळते ते धाप लागण्यातून. आधी तिसऱ्या मजल्यावर दम लागतो, मग पहिल्या, मग न्हाणीघरापर्यंत जाणेही जड होते. वय झाले, वजन वाढले, दमा असेल, अशा समजुतीत महिने आणि कधी वर्षेही जातात.

या आजारावरील मुख्य उपाय शस्त्रक्रिया हाच आहे. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० मध्ये डॉ. केनेथ मोझर आणि शल्यचिकित्सक डॉ. नीना ब्राउनवाल्ड यांनी या कामाचा पाया घातला. पुढे तेथेच डॉ. स्टुअर्ट जेमिसन यांनी शस्त्रक्रियेचे तंत्र घडविले आणि जगभरच्या शल्यचिकित्सकांनी ते तेथून उचलले. रुग्णाला हृदय-फुप्फुस यंत्रावर घेतले जाते आणि यंत्रातूनच रक्त थंड करीत शरीराचे तापमान सुमारे वीस अंश सेल्सिअसपर्यंत उतरविले जाते. मग यंत्रही थांबविले जाते. थंड केलेल्या मेंदूला प्राणवायू फार थोडा लागतो. त्यामुळे एका वेळी सुमारे वीस मिनिटे रक्ताभिसरण पूर्ण बंद ठेवता येते. त्या रक्तहीन अवकाशात शल्यचिकित्सक धमनीच्या आतील कडक अस्तर सोलून काढतो, अगदी बारीक फांद्यांपर्यंत. बाहेर काढून मांडलेले ते अस्तर एखाद्या निष्पर्ण झाडासारखे दिसते. एक बाजू झाली की यंत्र पुन्हा सुरू करून शरीराला रक्त पुरवायचे आणि मग दुसरी बाजू घ्यायची. चर्चिल यांच्याकडे घाईची साडेसहा मिनिटे होती. आजच्या शल्यचिकित्सकाकडे त्याच्या तिप्पट वेळ असतो आणि तोही पुन्हा मागून घेता येतो.

सहा मिनिटांचे चालणे

शस्त्रक्रियेचे फळ मोजायचे कसे? धमनीतील दाब मोजता येतो आणि यशस्वी शस्त्रक्रियेनंतर तो तत्काळ उतरतोही. पण रुग्णाला आकड्यांत रस नसतो. त्याला बाजारात जाऊन यायचे असते. म्हणून जगभर एक साधी चाचणी वापरतात. रुग्णालयाच्या सपाट, सरळ मार्गिकेत, बहुधा तीस मीटर लांबीच्या, रुग्णाने सहा मिनिटे आपल्या गतीने चालायचे. दम लागला तर थांबायचे, बरे वाटले की पुन्हा चालायचे. एकूण किती मीटर चालणे झाले, ते नोंदवायचे.

युरोप आणि कॅनडातील केंद्रांच्या एकत्रित नोंदी २०११ मध्ये प्रसिद्ध झाल्या. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णांच्या या चाचणीतील अंतराचा मध्यांक ३६२ मीटर होता. वर्षभरानंतर तो ४५९ मीटर झाला. रुग्णालयातच दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरात पाचांहून कमी होते. शंभर मीटरची वाढ कागदावर लहान दिसते. ज्याला घरातून गल्लीच्या तोंडापर्यंत जाताना दोनदा थांबावे लागत होते, त्याच्यासाठी ती वाढ कामावर परतण्याएवढी मोठी असू शकते.

याचा अर्थ सर्वांचे सर्व काही पूर्ववत होते, असा नाही. दाब उतरला तरी श्रमाची क्षमता हळूहळू, महिन्यामहिन्यांनी वाढते. वर्षानुवर्षे बसून राहिलेल्या स्नायूंना पुन्हा सवय लागावी लागते. फुगलेला उजवा कप्पा पूर्वस्थितीला यायला वेळ घेतो. अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांपर्यंत शल्यचिकित्सकाचे हत्यार पोहोचत नाही. तेथे विकार शिल्लक असेल तर विश्रांतीच्या वेळी दाब ठीक असूनही चढण चढताना धाप लागते. अशांसाठी आज औषधे आहेत, फुग्याने धमन्या रुंदावण्याची पद्धत आहे आणि देखरेखीखालचा व्यायाम आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र जन्मभर चुकत नाही. शस्त्रक्रिया झाली म्हणजे संपले असे समजून घरी पडून राहणे आणि पहिल्याच महिन्यात डोंगर चढायला निघणे, या दोन्ही चुका टाळायला हव्यात. किती चालायचे हे ज्याचे त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

मुळात या शस्त्रक्रियेपर्यंत रुग्ण पोहोचणे हीच आजही मोठी अडचण आहे. फुप्फुसातील गुठळीवर उपचार घेतल्यानंतर तीन महिने उलटूनही धाप कमी होत नसेल, तर त्याचा छडा लावायला हवा. वयाच्या नावावर ती सोडून देता कामा नये. गिबन यांनी त्या रात्री जे केले त्यातला आपल्याला घेता येण्यासारखा धडा हाच असावा. त्यांच्या आधीही अनेक डॉक्टर अशा रुग्णांच्या उशाशी बसले होते. त्यांनीही नाडी मोजली होती आणि मृत्यू अटळ मानून नोंदवही मिटली होती. गिबन यांनी नोंदवही मिटली, पण तो मृत्यू अटळ मानला नाही.

बोस्टनच्या त्या महिलेला या साऱ्याचा काहीच उपयोग झाला नाही. मात्र आज एखाद्या रुग्णालयाच्या मार्गिकेत शस्त्रक्रियेतून उठलेला कोणी रुग्ण हातातल्या घड्याळाकडे पाहणाऱ्या तंत्रज्ञासमोर सहा मिनिटे चालतो आणि मागच्या खेपेपेक्षा दोन फेऱ्या अधिक घालतो, तेव्हा त्या रात्रीच्या जागरणाचे थोडे तरी चीज झालेले असते.